फुफ्फुसात स्नायू नाहीत, मग ते फुगतं कशानं?

बाई, आठवीच्या वर्गात श्वसन शिकवताना मुलांनी विचारलेले तीन प्रश्न तुम्ही माझ्याकडे पाठवलेत. पहिला असा की फुफ्फुसात स्नायू नसतात, मग ते फुगतं कशानं? दुसरा दुधाचा धंदा असलेल्या घरातल्या मुलाचा. म्हैस व्यायली, रेडकू हालेना, तेव्हा आजोबांनी त्याला मागच्या पायांना धरून उलटं टांगलं, तर त्यानं श्वास सुरू होतो का? तिसरा तालमीत जाणाऱ्या पोराचा: जोर-बैठका मारून फुफ्फुसं मोठी होतात का? मी जनावरांचा डॉक्टर. करवीर-पन्हाळ्याच्या गोठ्यांतच माझं काम चालतं, त्यामुळं उत्तरात म्हशी जरा जास्त येतील. पण म्हैस, माणूस, घोडा, कुत्रा, उंदीर, कुठलाही सस्तन प्राणी घ्या, श्वासाची मूळ रचना एकच आहे. आणि तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच गोष्टीपाशी येतात: फुफ्फुस स्वतः हवा ओढत नाही. छाती जागा करते, हवा तिथं जाते.

बेडूक हवा ढकलतो. तोंडात हवा घेतो, नाकपुड्या मिटतो आणि गळ्याचा तळ वर उचलून ती फुफ्फुसात दाबतो. आपलं उलटं आहे. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा पडदा आहे. सैल असताना तो छातीत घुमटासारखा वर गेलेला असतो. मेंदूकडून मानेतल्या मज्जातंतूतून हुकूम आला की तो आकसतो, घुमट सपाट होतो आणि पोटातले अवयव मागं (माणसात खाली) सरकतात. त्याच वेळी बरगड्यांमधले बाहेरचे स्नायू बरगड्या वर आणि बाहेर उचलतात. छातीची पोकळी वाढली की आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी होतो आणि हवा नाकातून आत येते. हा 'थोडा' किती थोडा, ते मुलांना जरूर सांगा. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासात वायुकोशांतला (फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांतला) दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम १ सेंटिमीटर पाण्याइतका कमी होतो. ग्लासात स्ट्रॉ बुडवून पाणी फक्त १ सेंटिमीटर वर ओढायला लागतो तेवढाच. एवढ्यावर सुमारे ५०० मिलिलिटर हवा आत येते. श्वासपटलही साध्या श्वासात सेंटी-दीड सेंटीच हालतं. खोल श्वासात मात्र ते १० सेंटिमीटरपर्यंत सरकू शकतं.

तुम्ही वर्गात प्लॅस्टिकची बाटली कापून, आत फुगा आणि तळाला रबर लावून दाखवता. तो प्रयोग चांगला आहे, पण त्यात एक खोट आहे आणि ती मुलांच्या डोक्यात कायमची बसते. बाटलीत फुग्याभोवती हवेची मोकळी जागा असते. छातीत अशी जागा नसते. फुफ्फुसावर एक पातळ आवरण, छातीच्या आतल्या भिंतीवर दुसरं, आणि दोहोंमध्ये फक्त बुळबुळीत द्रवाचा पातळ थर. माणसात तो सगळा मिळून काही मिलिलिटर भरतो. फुफ्फुस भिंतीला चिकटून असतं आणि घसरतं, पण सुटत नाही. फुफ्फुसाची ओढ आत आकसण्याची, बरगड्यांची ओढ बाहेर उघडण्याची. या रस्सीखेचीमुळं दोन आवरणांमधला दाब कायम बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. माणसात श्वास सोडून झाल्यावर तो सुमारे ५ सेंटिमीटर पाण्याइतका कमी असतो, श्वास भरल्यावर साडेसात-आठपर्यंत.

हा कमी दाब ऐकता येतो. जनावराचं शवविच्छेदन करताना आम्ही आधी पोट उघडतो. कोठीपोट (गाई-म्हशीच्या चार पोटांपैकी पहिलं आणि सगळ्यात मोठं) आणि आतडी बाजूला केली की समोर श्वासपटल दिसतं. कडेनं लाल मांस, मधोमध पांढरा चकचकीत पडदा, आणि सगळंच छातीच्या दिशेनं ताठ ओढलेलं. सुरीच्या टोकानं तिथं बारीक भोक पाडलं की 'सूंऽ' असा आवाज होतो, हवा आत शिरते आणि ताठ पडदा क्षणात ढिला पडतो. आत फुफ्फुस आकसून बसतं. हा आवाज आलाच नाही, तर छातीत आधीच कुठून तरी हवा शिरली होती, असा संशय घेऊन आम्ही पुढं बघतो. म्हशीत आणखी एक गोष्ट तपासतो. चाऱ्यातून गेलेली तार किंवा खिळा जाळीपोटात, म्हणजे दुसऱ्या पोटात, रुततो, श्वासपटल दुबळं होतं, फाटतं आणि जाळीपोट छातीत घुसतं. हा आजार गाईपेक्षा म्हशीत जास्त आढळतो. अशी म्हैस पुन्हापुन्हा थोडी थोडी फुगते, शेण कमी टाकते, खाणं सोडते, आणि मालक तिला आठवडाभर फुगीची औषधं पाजत राहतो.

श्वास सोडायला स्वस्थ असताना काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल सोडले की ताणलेलं फुफ्फुस आपोआप आकसतं आणि हवा बाहेर जाते. पळताना, खोकताना, धाप लागल्यावर मग पोटाचे आणि बरगड्यांमधले आतले स्नायू जोर लावतात. मुलांना हे हातात घेऊन दाखवायचं असेल तर मटणाच्या दुकानात आदल्या दिवशी सांगून ठेवा. कोल्हापुरात ही काही अवघड गोष्ट नाही. बोकडाची फुफ्फुसं श्वासनलिकेसकट, कुठंही सुरी न लागलेली मागा. श्वासनलिकेत रबरी नळी घालून सुतळीनं घट्ट बांधा आणि सायकलच्या पंपानं हळूहळू हवा भरा. तोंडानं फुंकू नका, मुलांनाही फुंकू देऊ नका, आणि सगळ्यांना हातमोजे द्या. आधी गडद, लिबलिबीत दिसणारं फुफ्फुस फिकट गुलाबी होत जातं, पाकळी पाकळीनं उघडतं. नळी सोडली की कुणी न दाबता आपलं आपण बसतं. आणखी एक शोधायला सांगा: श्वासनलिकेचे डावे-उजवे दोन फाटे फुटायच्या आधीच एक लहान फाटा उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या पाकळीकडं जातो. माणसात तो नसतो. शेळी, मेंढी, गाय, म्हैस, डुक्कर यांच्यात असतो. मुलांना तो सापडला की वर्ग विसरत नाही.

हे आकसणं येतं कुठून? फुफ्फुसात लवचिक तंतू आहेत, हे पुस्तकात असतं. पण तंतूंपेक्षा मोठा वाटा पाण्याचा आहे. वायुकोशांना आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि पाण्याचा पृष्ठताण तो कोश सारखा मिटवायला बघतो. १९२९ मध्ये फॉन नीरगार्ड या शास्त्रज्ञानं डुकराची फुफ्फुसं एकदा हवेनं आणि एकदा द्रवानं भरून पाहिली. द्रवानं भरायला दाब फार कमी लागला, कारण आत हवा आणि पाणी यांची सीमाच उरली नाही. कोश जितका लहान तितका हा मिटवणारा दाब जास्त. माणसात असे कोश ३० कोटींहून अधिक आहेत, एकेक मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा. नुसतं पाणी असतं तर लहान कोश मिटून मोठ्यांत रिकामे झाले असते. ते होत नाही, कारण कोशांच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा स्निग्ध पदार्थ तयार करतात आणि तो हा ताण मोडतो.

इथं मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण यात मेंढ्यांचा मोठा हात आहे आणि तो कुणी सांगत नाही. सर्फॅक्टंट गर्भात उशिरा तयार होतो. माणसाच्या बाळात तो पुरेसा व्हायला साधारण ३५ वा आठवडा उजाडतो. त्याआधी जन्मलेली बाळं श्वास घेता घेता थकून जायची. १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी या बाळांच्या फुफ्फुसात सर्फॅक्टंटच कमी असतो, हे दाखवलं. तरी उपाय नव्हता. १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजारानं दोन दिवसांत गेला. पुढं न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर वेगळंच काम करत होते. प्रसूती कशानं सुरू होते, हे त्यांना शोधायचं होतं. गर्भातल्या कोकरांना स्टेरॉइड दिल्यावर ती फार लवकर जन्मली, आणि त्या वयात मरायला हवीत अशी कोकरं श्वास घेताना दिसली. फुफ्फुसं उघडली होती. हे निरीक्षण १९६९ मध्ये छापून आलं आणि १९७२ मध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी अकाली प्रसूती होऊ घातलेल्या मातांना तेच औषध देऊन गुण दाखवला. आज दिवस भरायच्या आत कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात जे इंजेक्शन देतात, ते तिथून आलं. १९८० मध्ये जपानमध्ये फुजिवारा यांनी गाईच्या फुफ्फुसातून काढलेला सर्फॅक्टंट बाळांच्या श्वासनलिकेत सोडला आणि बाळं सावरली. आजही यातली बरीच औषधं गाई-वासरं आणि डुकरं यांच्या फुफ्फुसापासूनच बनतात.

आता रेडकाकडं येऊ. गर्भात फुफ्फुस द्रवानं भरलेलं असतं. हा द्रव फुफ्फुसच तयार करतं. तो पोटात गिळलेल्या गर्भजलापेक्षा वेगळा. कळा सुरू झाल्या की वासराच्या अंगात अ‍ॅड्रेनलिन वाढतं, फुफ्फुस द्रव सोडायचं थांबवून उलट शोषायला लागतं. जन्मल्यावर नाळ तुटते, रक्तात कार्बन डायऑक्साइड चढतो, ओल्या अंगाला गार हवा लागते, म्हैस खरखरीत जिभेनं चाटते, आणि या सगळ्यानं मेंदू पहिला जोराचा श्वास मारतो. उरलेला द्रव हवेच्या रेट्यानं फुफ्फुसाच्या भिंतीत आणि तिथून रक्तात जातो. म्हणजे तो नाकातून ओतून काढायचा नसतोच. वासराला उलटं टांगल्यावर जे भसाभसा पाणी पडतं, ते बहुतेक चौथ्या पोटातलं असतं. आजोबांना वाटतं फुफ्फुस मोकळं झालं. प्रत्यक्षात पोटातल्या सगळ्या अवयवांचं वजन श्वासपटलावर येतं आणि पहिल्याच श्वासाला ते सगळं ढकलावं लागतं. तोंडातला चिकट पदार्थ निघावा म्हणून दोन-चार सेकंद डोकं खाली केलं तर चालेल. मिनिटभर टांगून झुलवणं घातक आहे.

त्याऐवजी काय करायचं तेही मुलाला सांगा. नाक-तोंडातली बुळबुळ बोटांनी निपटून काढा. वाळल्या गवताची काडी नाकपुडीत आत फिरवा, म्हणजे शिंक किंवा झटका येतो. कानात, डोक्यावर गार पाण्याचा हबका मारा. पोत्यानं अंग खसाखसा चोळा. आणि लगेच त्याला छातीवर बसवा, पुढचे पाय पुढं, मागचे दोन्ही पाय दोन बाजूंना पुढं ओढून. कुशीवर पडलेल्या वासराचं खालचं फुफ्फुस दबतं. छातीवर बसवलं की दोन्ही उघडतात. मिनिट-दीड मिनिटात श्वास लागला नाही तर डॉक्टरला फोन लावत हे चालूच ठेवा. श्वास नीट लागल्याशिवाय चीक तोंडात ओतू नका. मेलेलं वासरू जन्माला आलं की जन्मून मेलं, हा वाद गोठ्यात नेहमी होतो. फुफ्फुसाचा तुकडा बादलीत टाकून बघतात. श्वास घेतलेलं फुफ्फुस तरंगतं, न घेतलेलं बुडतं. कुजायला लागलेल्या फुफ्फुसात मात्र वायू होतो आणि ही कसोटी फसते.

पोटफुगीतही हेच श्वासपटल. ओला लसूणघास किंवा कोवळा हिरवा चारा जास्त झाला, कोठीपोटात फेस-वायू कोंडला की डावी भकाळी (बरगड्यांमागचा खळगा) टम्म फुगते. कोठीपोट पुढं रेटतं, श्वासपटलाला सपाट व्हायला जागाच उरत नाही. जनावर मान लांब करतं, जीभ बाहेर काढतं. फुगीनं मेलेलं जनावर मुळात गुदमरून मेलेलं असतं, आणि छातीतला दाब वाढल्यानं हृदयाकडं परतणारं रक्तही अडतं. म्हणून अगदी शेवटच्या घडीला डाव्या भकाळीत ट्रोकार (नळीत बसवलेली टोकदार सळई) मारून वायू काढतात. पोटभर खाऊन बसलेली म्हैस सुस्कारे टाकते, त्याचं कारण सौम्य प्रमाणात हेच आहे.

गाई-म्हशीचं फुफ्फुस अंगाच्या मानानं लहान, आणि आतून जाड पडद्यांनी लहान लहान कप्प्यांत वाटलेलं असतं. कुत्र्याच्या फुफ्फुसात एक वाट बुजली तर शेजारच्या कप्प्यातून हवा येते. गाईत ती सोय जवळजवळ नाही. म्हणून औषध पाजताना कधीही जीभ बाहेर ओढू नका, तोंड आभाळाकडं करू नका. ठसका लागला की बाटली काढा, मान खाली सोडा. श्वासनलिकेत गेलेलं औषध, विशेषतः तेल, पुढच्या खालच्या पाकळ्यांत उतरतं आणि चार दिवसांनी न्युमोनियानं जनावर हातचं जातं. मी पाहिलेल्या टाळता येण्यासारख्या मृत्यूंमध्ये याचा नंबर वरचा आहे.

जनावराचे श्वास मोजायला छाती बघू नका, कूस बघा. गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी उभ्या म्हशीच्या कुशीकडं मुलांना बघायला लावा: एक वर-खाली म्हणजे एक श्वास. सावलीत स्वस्थ उभ्या म्हशीत मिनिटाला साधारण १५ ते ३० भरतील. घोड्यात ८ ते १६. दिवाळीच्या पाडव्याला शर्यतीत पळवलेली म्हैस थांबल्यावर कितीतरी वेळ धापत राहते, कारण काळी कातडी आणि कमी घामग्रंथी यांमुळं उष्णता बाहेर टाकायचं बरंच काम तिला श्वासावर टाकावं लागतं. तोंड उघडं टाकून, जीभ लोंबवून धापणारी म्हैस मात्र संकटात आहे, तिथं थांबू नये. कुत्र्याचं तसं नाही. तो मिनिटाला ३०० च्या आसपास उथळ श्वास घेत धापतो; ती हवा जीभ आणि श्वासनलिकेवरूनच फिरून जाते, वायुकोशांपर्यंत फारशी पोचत नाही, त्यामुळं रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार घसरत नाही. भरधाव घोडा एका ढांगेला एकच श्वास घेतो, आणि तोही फक्त नाकानं. आपल्या चंदगड-आजऱ्याकडं उतरणारे हत्ती तर वेगळेच: त्यांच्या फुफ्फुसाच्या दोन आवरणांमध्ये फट नाही, ती जागा तंतूंनी भरलेली आहे. सोंड वर काढून खोल पाण्यातून पोहताना दाबाचा फरक सोसावा म्हणून ही रचना आली असावी, असा एक तर्क आहे.

माणसाला हत्तीसारखं जमत नाही. पपईच्या देठाची नळी तोंडात धरून विहिरीच्या तळाशी बसायचा खेळ पोरं करतात. १ मीटर खोलीवर पाणी छातीला १०० सेंटिमीटर पाण्याच्या दाबानं आवळतं. साध्या श्वासाला आपण चार-पाचच लावतो, आणि धडधाकट माणूस सगळा जीव एकवटून, तोही क्षणभर, जेमतेम १०० पर्यंत जातो. म्हणजे तिथं श्वास येणारच नाही. दुसरा खेळ याहून वाईट: पंचगंगेत बुडी मारण्याआधी भराभर खोल श्वास घेणं. श्वास घ्यायची हुक्की ऑक्सिजन कमी झाल्यानं येत नाही, कार्बन डायऑक्साइड वाढल्यानं येते. हे हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ मध्येच दाखवलं. भराभर श्वासांनी ऑक्सिजन फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुतला जातो. मग पाण्याखाली धाप लागण्याआधीच ऑक्सिजन संपतो आणि पोहणारा मुलगा शुद्ध हरपतो. हे वर्गात ठासून सांगा.

राहिला पैलवान. फुफ्फुसं जोर-बैठकांनी मोठी होत नाहीत. त्यांचा आकार उंची, वय आणि छातीच्या सांगाड्यावर ठरतो. उंच्यापुऱ्या माणसात एकूण सुमारे ६ लिटर, त्यातली सव्वा लिटर कितीही जोर लावला तरी बाहेर येत नाही. फुफ्फुसाकडं मुळातच भरपूर शिल्लक असते: विश्रांतीत मिनिटाला ६-७ लिटर हवा, आणि कुस्तीच्या रगड्यात १०० च्या वर. वायुकोशांचा पृष्ठभाग सुमारे ७० चौरस मीटर, आणि रक्त व हवा यांच्यातला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ. रक्ताला तिथून जायला विश्रांतीत पाऊण सेकंद मिळतो. ऑक्सिजन त्याच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शातच भरून होतो. वाढतं ते हृदय, अंगातलं रक्त, मांडीच्या स्नायूंची ऑक्सिजन वापरायची ताकद, आणि श्वासपटलाचा दम. त्या पोराला एवढं सांगा की बैठक मारून उठताना श्वास कोंडून ठेवू नकोस. कोंडला की छातीतला दाब चढतो, हृदयाकडं परतणारं रक्त कमी होतं आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. खाली जाताना घ्यायचा, उठताना सोडायचा.